हुंडणावळीचा दर आणि कष्टकऱ्याचा रुपया

(विहारातील रविवारच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आपला रुपया आणि इंग्लंडचा पौंड यांचा एकमेकांशी भाव काय होता, तो कसा चढला नि कसा उतरला, हा पेढीवाल्यांचा विषय. तो विहारात कशाला, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. मीदेखील कायद्याचा मनुष्य आहे, अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. तथापि दोन कारणांनी मी हा विषय निवडला.

पहिले कारण असे. काही महिन्यांपूर्वी आपल्याच समाजातील एक गृहस्थ माझ्या कचेरीत आले. त्यांच्या मुलीला इंग्लंडमधील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. बँकेचे कर्ज मंजूर झाले होते ते रुपयांत. फी भरावयाची होती ती पौंडांत. कर्ज मंजूर झाले त्या दिवशीचा पौंडाचा भाव आणि शेवटचा हप्ता भरावयाच्या दिवशीचा भाव यांत अंतर पडले, आणि तेवढी रक्कम कमी आली. मुलीच्या आईने अंगावरचे सोने मोडले तेव्हा तो हप्ता भरला गेला. गृहस्थ मला म्हणाले, “वकीलसाहेब, मी काही चुकलो नाही. बँकेने शब्द फिरविला नाही. विद्यापीठाने फी वाढविली नाही. मग माझे पैसे गेले कोठे? दावा लावू तरी कोणावर?” दावा लावण्याजोगे त्यात काही नव्हते. परंतु त्यांचा प्रश्न खरा होता.

दुसरे कारण असे की, हाच प्रश्न आपल्या परमपूज्य बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी साऱ्या देशाच्या वतीने विचारला होता. त्यांच्या पदव्या आपल्या मुलांना पाठ आहेत. लंडनच्या डी.एस्सी. पदवीसाठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि तो १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, हेही आपण जयंतीच्या सभांतून ऐकतो. परंतु त्या ग्रंथात आहे काय, असे कोणी विचारले तर आपण गप्प बसतो. ज्या ग्रंथाचा आपण अभिमान बाळगतो, त्याचा आशय आपणांस ठाऊक नसावा, हे आपल्याला शोभत नाही.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. एका देशाचे नाणे देऊन दुसऱ्या देशाचे नाणे घेताना जो भाव पडतो, त्याला आपल्याकडे हुंडणावळीचा दर म्हणत; हल्ली विनिमय दर म्हणतात. पूर्वी हा दर ‘एका रुपयाला इतके शिलिंग, इतके पेन्स’ असा सांगत. १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, असा तेव्हाचा इंग्लंडचा हिशेब होता. म्हणजे एका पौंडात २४० पेन्स. आज आपण उलट बोलतो : ‘एका पौंडाला इतके रुपये.’ म्हणून जुन्या हिशेबात आकडा उतरला की रुपया उतरला असे समजावे, आणि आजच्या हिशेबात आकडा चढला की रुपया उतरला असे समजावे. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सर्व सोपे आहे.

सन १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या सर्व मुलखात एकच रुपया चालू झाला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. कोणीही चांदी घेऊन सरकारी टांकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. अर्थात रुपया म्हणजे चांदीच, आणि चांदीचा भाव तोच रुपयाचा भाव. इकडे इंग्लंडचा पौंड सोन्यावर उभा होता. तेव्हा रुपया आणि पौंड यांचा भाव म्हणजे वस्तुतः चांदी आणि सोने यांचा भाव होय. १८७० च्या सुमारास एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. म्हणजे पौंडाला सुमारे १० रुपये.

त्यानंतर युरोपात मोठी उलथापालथ झाली. जर्मनीने १८७१ नंतर सोन्याचे चलन स्वीकारले आणि आपली चांदी विकावयास काढली. फ्रान्स आणि त्याच्या सोबतच्या देशांनी चांदीची नाणी पाडण्यावर मर्यादा घातली. अमेरिकेतील खाणींतून चांदीचा पूर लोटला. चांदी स्वस्त होत गेली आणि तिच्याबरोबर आपला रुपयाही घसरत गेला. १८९२–९३ साली रुपयाला जेमतेम १ शिलिंग ३ पेन्स मिळू लागले. म्हणजे जो पौंड १० रुपयांना मिळे, त्याला आता १६ रुपये मोजावे लागू लागले.

यात गरीब रयतेचे काय गेले, असे कोणी विचारील. बंधुभगिनींनो, तेथेच खरी मेख आहे. हिंदुस्थान सरकारला दरसाल लंडनमध्ये मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. सेवानिवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जाचे व्याज, रेल्वेच्या भांडवलावरील हमीचा परतावा, विलायतेत खरेदी केलेला माल आणि लष्कराचा खर्च, या सर्वांस ‘होम चार्जेस’ म्हणत. देणे पौंडांत, आणि वसुली मात्र येथील शेतकऱ्याकडून रुपयांत! रुपया घसरला की तेच देणे फेडण्यास अधिक रुपये लागत, आणि ते करातूनच यावयाचे. १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. मीठ ज्याच्या भाकरीबरोबर एकुलते एक कालवण असे, त्यानेही हुंडणावळीचा तोटा असा भरून दिला. उलट, हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आपला पगार विलायतेस पाठविताना तोटा येतो, म्हणून १८९३ साली त्यांना खास भत्ता मंजूर झाला. एकाच घसरणीतून एकाला भत्ता मिळाला आणि दुसऱ्याच्या माथी कर आला. हा प्रकार आपण विसरू नये, कारण पुढच्या साऱ्या इतिहासात तो निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटतो.

ही घसरण थांबविण्यासाठी लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली, आणि तिच्या सल्ल्यावरून २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. यापुढे चांदी नेऊन रुपये पाडून घेण्याची सोय उरली नाही. रुपये मर्यादित झाले म्हणजे त्यांना भाव चढेल, असा हिशेब होता. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत तो भाव आणखी खाली, सुमारे १३ पेन्सपर्यंत गेला. पण १८९८ पर्यंत १ शिलिंग ४ पेन्सवर येऊन ठेपला. रुपया सावरला खरा. परंतु आपल्या आया-आज्यांच्या हातापायांतील चांदीच्या वाळ्या-तोड्यांचे काय झाले? पूर्वी तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ एक रुपया असे. आता चांदी निराळी आणि रुपया निराळा. दुष्काळात दागिना मोडावयास जाणाऱ्या बाईला त्याच वजनाचे कमी रुपये मिळू लागले. तिची ठेव एका कायद्याने हलकी झाली. तिला कोणी विचारले नव्हते.

१८९९ साली इंग्लंडचे सोन्याचे नाणे, सॉव्हरिन, १५ रुपयांच्या भावाने येथे कायदेशीर चलन ठरले. आता येथेही सोन्याचे चलन येणार, असे लोकांना वाटले. प्रत्यक्षात निराळेच घडले. देशात चालावयाचा तो रुपया आणि कागदी नोट. सोन्याची गंगाजळी बहुतांशी लंडनमध्ये. आणि भारतमंत्री लंडनमध्ये हुंड्या विकून रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सच्या आसपास बांधून ठेवीत. या पद्धतीला सुवर्ण विनिमय पद्धती म्हणतात. केन्स या प्रसिद्ध इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली आपल्या ग्रंथात तिची भलामण केली. परदेशी देणी-घेणी नीट चालतात, भाव स्थिर आहे, मग देशात सोने फिरविण्याची गरज काय, असा त्या पक्षाचा सूर होता.

याच पद्धतीवर बाबासाहेबांनी हल्ला चढविला. त्यांचा युक्तिवाद मी माझ्या शब्दांत मांडतो. रुपयाला पौंडात किती पेन्स मिळतात, हा दुय्यम प्रश्न आहे. मुख्य प्रश्न असा की, रुपयाला बाजारात धान्य किती मिळते, कापड किती मिळते? हुंडणावळ स्थिर असूनही देशातील किमती चढत असतील, तर त्या स्थिरतेचा सामान्य माणसास काय उपयोग? सुवर्ण विनिमय पद्धतीत रुपये किती काढावेत याला पक्का बांध नाही. तो केवळ चालविणाऱ्याच्या विवेकावर सोडलेला आहे. रुपये वाढले की किमती वाढतात. किमती वाढल्या की व्यापारी त्याच दिवशी भाव वाढवितो. मजुराची मजुरी मात्र मागाहून, रखडत, भांडून वाढते. मधल्या काळात जो पैसा मजुराच्या हातून जातो, तो मालकाच्या पदरी पडतो.

म्हणून त्यांनी उपाय सुचविला तो असा : नवे रुपये पाडणे अजिबात बंद करावे, लोकांसाठी तर बंद आहेच, पण सरकारसाठीही बंद करावे, रुपयांची संख्या कायम करावी, आणि वाढत्या गरजेसाठी सोन्याचे नाणे मोकळेपणी पाडू द्यावे. म्हणजे सत्ता कोणाच्याही हाती असो, मनास येईल तितका पैसा काढता येणार नाही. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. त्यांना सर्वच मते पटली नव्हती आणि ती पटली नाहीत असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. परंतु शिष्याच्या विचारातील ताजेपणाचा त्यांनी गौरव केला. विद्येच्या क्षेत्रात मतभेद असा असतो.

हे विचार त्यांना केवळ पुस्तकांतून सुचले असतील काय? काळ लक्षात घ्या. पहिल्या महायुद्धात चांदी महाग झाली आणि रुपया चढू लागला. ऑगस्ट १९१७ मध्ये १ शिलिंग ५ पेन्स, एप्रिल १९१८ मध्ये १ शिलिंग ६ पेन्स, आणि १९१९ च्या अखेरीस २ शिलिंग ४ पेन्स! बॅबिंग्टन स्मिथ समितीने सोन्याच्या हिशेबाने दोन शिलिंगांचा दर कायम करावा असे सुचविले. समितीतील एकमेव हिंदी सभासद दादिबा दलाल यांनी विरोध नोंदविला, पण तो मानला गेला नाही. सरकारने तो दर टिकविण्यासाठी १९२० साली लंडनवरील हुंड्या स्वस्तात विकल्या, त्यात मोठा तोटा सोसला आणि सप्टेंबरअखेर हात टेकले. १९२१ साली रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली आला. आणि बाबासाहेब नोकरी सोडून, शिलकीतील पैसे घेऊन पुन्हा लंडनला गेले ते जुलै १९२० मध्ये! हिशेब करून पाहा. दोन शिलिंगांच्या दराने १०० रुपयांचे १० पौंड होतात. १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने तेच १०० रुपये ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स एवढेच होतात. रुपयांची शिल्लक घेऊन लंडनमध्ये शिकणाऱ्या प्रत्येक गरीब विद्यार्थ्याची एक तृतीयांश शिदोरी अशा घसरणीत न खाता संपत असे. माझ्या कचेरीत आलेल्या त्या गृहस्थांना मी हेच सांगितले : ज्या वाटेने तुमची मुलगी गेली, त्या वाटेवर हा खड्डा फार जुना आहे.

पुढे १९२५ साली एडवर्ड हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन आले. १५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांनी त्यांच्यापुढे साक्ष दिली. तेव्हा मुंबईत मोठे रण माजले होते. सरकारला १ शिलिंग ६ पेन्सचा दर हवा होता. त्याने लंडनचे देणे कमी रुपयांत फिटे आणि विलायती माल येथे स्वस्त पडे. मुंबईच्या गिरणीमालकांना व व्यापाऱ्यांना १ शिलिंग ४ पेन्सचा दर हवा होता. त्याने निर्यातीला जोर येई आणि परदेशी मालाची स्पर्धा कमी होई. कमिशनमधील सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी याच दराच्या बाजूने भिन्नमतपत्रिका जोडली. दोन्ही बाजू राष्ट्रहिताचे नाव घेत होत्या. बाबासाहेबांनी मात्र तिसरे माणूस उभे केले. रुपया उतरल्याने निर्यातदाराला जो जादा नफा होतो तो आकाशातून पडत नाही. मजुरी तीच राहते आणि वस्तू महागतात, म्हणजे तो नफा मजुराच्या ताटातून येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

न्यायाने बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, चढ्या दराचाही सर्व गरिबांना लाभ होत नाही. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला चढ्या रुपयाने कमी भाव मिळतो, आणि त्याच्या डोक्यावरील सावकाराचे कर्ज मात्र आहे तेवढेच राहते. म्हणून अमुक दर चांगला आणि तमुक वाईट, असे आंधळेपणाने म्हणता येत नाही. दर कोणताही असो. तो ठरविताना कोणाकोणाचा हिशेब मांडला आणि कोणाचा मांडलाच नाही, हे विचारता येते. बाबासाहेबांची शिकवण माझ्या मते ही आहे.

येथे एका गोष्टीचा खुलासा करतो. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, असे आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगितले जाते. वकिलाला पुरावा पाहिल्यावाचून बोलता येत नाही, आणि तथागतांनीही ऐकीव गोष्ट पारखून घ्यावयास सांगितले आहे. पुराव्याने सिद्ध होते ते असे : हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी लेखी निवेदन आणि तोंडी साक्ष दिली, त्या कमिशनने १९२६ साली मध्यवर्ती बँक असावी अशी शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. अस्पृश्य म्हणून ज्याला शाळेत पाण्याला शिवू दिले नाही, तो पस्तिशीच्या आत साम्राज्याच्या रॉयल कमिशनला चलनशास्त्र समजावून सांगतो, हे सत्य एवढे मोठे आहे की त्याला पदरची भर घालण्याची गरज नाही. खऱ्यात थोडे खोटे मिसळले की विरोधक त्या थोड्यावर बोट ठेवतो आणि सारेच नाकारतो.

१९२७ च्या कायद्याने १ शिलिंग ६ पेन्सचा दर कायम झाला. म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. हा दर पौंडाशी पुढे ३९ वर्षे हलला नाही. स्थिर दराची ही ३९ वर्षे गरिबाला सुखाची गेली काय? पाहू या.

२१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने आपला पौंड सोन्यापासून सोडविला. त्याच सुमारास बाबासाहेब दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. हिंदी प्रतिनिधी तेथे असतानाच, त्यांची संमती न घेता, रुपया पौंडाशी बांधून ठेवण्याचा निर्णय झाला. पौंड उतरला तसा त्याला बांधलेला रुपयाही सोन्याच्या मानाने उतरला आणि सोन्याचा भाव चढला. त्याच वेळी जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळलेले होते. सारा आणि सावकार मात्र थांबत नव्हते. तेव्हा शेतकऱ्यांच्या घरोघरचे दागिने बाहेर पडले. मुंबई बंदरातून ते सोने जहाजे भरभरून विलायतेस गेले. हुंडणावळ स्थिर होती. घरे मात्र रिती झाली.

दुसऱ्या महायुद्धात याहून भयंकर घडले. इंग्रज सरकारने येथून धान्य, कापड, लष्करी सामान उचलले आणि त्याचे मोल लंडनमध्ये पौंडांच्या खात्यावर जमा करून ठेवले. त्या जमेच्या आधारावर येथे नोटा छापल्या गेल्या. युद्ध संपता संपता ही जमा सुमारे १,७०० कोटी रुपयांवर गेली. कागदावर हिंदुस्थान ऋणकोचा धनको झाला. पण किमती दुपटीहून अधिक चढल्या, आणि १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्यांत शेतमजूर, कोळी, कारागीर हेच अधिक होते. त्या संपूर्ण काळात हुंडणावळीचा दर किती होता? तोच, १ शिलिंग ६ पेन्स. पेन्सची स्थिरता निराळी आणि भाकरीची स्थिरता निराळी, हे १९२३ साली ग्रंथात लिहिलेले वाक्यागणिक खरे ठरले.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडने डॉलरच्या मानाने पौंड उतरविला. आपणही त्याच प्रमाणात रुपया उतरविला, म्हणून पौंडाचा भाव तोच राहिला. डॉलर मात्र ३ रुपये ३१ पैशांच्या आसपास होता तो ४ रुपये ७६ पैसे झाला, आजच्या दशमान पैशांत सांगावयाचे तर. ६ जून १९६६ रोजी, दुष्काळ आणि परकीय चलनाची टंचाई अशा दुहेरी पेचात, भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला आणि डॉलर साडेसात रुपयांवर. नोव्हेंबर १९६७ मध्ये इंग्लंडने पुन्हा पौंड उतरविला. या वेळी आपण त्याच्या मागे गेलो नाही, म्हणून पौंड १८ रुपयांवर आला. सप्टेंबर १९७५ मध्ये रुपयाचा पौंडाशी असलेला बांध कायमचा सुटला आणि तो अनेक देशांच्या चलनांच्या समूहाशी जोडला गेला.

१९९१ साली परकीय गंगाजळी आटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले आणि जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत दोन टप्प्यांनी रुपया उतरविण्यात आला. अडचणीत आलेले घर जे करते, तेच देशाने केले. मार्च १९९३ पासून दर मुख्यतः बाजारात ठरतो. रिझर्व्ह बँक फार मोठे चढउतार होऊ नयेत म्हणून मध्ये पडते. अलीकडच्या वर्षांत पौंडाने शंभर रुपयांची पायरी ओलांडली आहे. १८७० चे १० रुपये आणि आजचे शंभरावर, असा हा दीडशे वर्षांचा प्रवास आहे.

आता माझ्या त्या पक्षकारांच्या प्रश्नाकडे येतो. पैसे गेले कोठे? ते कोणा एकाच्या खिशात गेले नाहीत. रुपया उतरला तेव्हा परदेशी वस्तू वा परदेशी विद्या घेणाऱ्या प्रत्येकाचे थोडे गेले, आणि पौंड वा डॉलर हाती असणाऱ्याला थोडे मिळाले. पेट्रोल, खाद्यतेल, औषधांचा कच्चा माल परदेशातून येतो. म्हणून ज्याने पौंड डोळ्यांनी पाहिला नाही, त्या बिगाऱ्याच्या संसारातूनही काही गेले. फरक एवढाच की, मोठ्या व्यापाऱ्याला हा तोटा आधी ओळखून त्याचा बंदोबस्त करता येतो; कारण तो दर रोज पाहतो. आपण तो दर तोटा झाल्यावर पाहतो.

म्हणून पालकांना व विद्यार्थ्यांना तीन सूचना करतो. परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढताना आजच्या भावाने काटेकोर हिशेब करू नका. समजा फी २०,००० पौंड आहे. पौंड १०० रुपये असता ती २० लाख होते, आणि ११५ झाला तर २३ लाख. हे तीन लाख आधीच हिशेबात धरा आणि मंजुरीच्या अर्जातच मागा. मागाहून मागितल्यास बँक ऐकेलच असे नाही. दुसरे, शिष्यवृत्तीचा आदेश नीट वाचा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत इंग्लंडमधील निर्वाह भत्ता पौंडांत ठरलेला असतो, म्हणजे भाव फिरला तरी विद्यार्थ्याची रक्कम घटत नाही. खासगी संस्थेची मदत रुपयांत असेल तर तो धोका तुमच्या माथी आहे, हे सही करण्यापूर्वी ओळखा. तिसरे, कोणताही करार दोन चलनांत असेल तर भावाच्या फरकाचा तोटा कोणी सोसावयाचा, ते कलम शोधा. ते नसेल तर लिहून घ्या. कलम नसले की तोटा दुबळ्याच्या पदरी पडतो, हा माझा अनेक वर्षांचा कोर्टातील अनुभव आहे.

आणि एक विनंती सर्वांसाठी. रुपया चढला म्हणजे राष्ट्राची शान वाढली आणि उतरला म्हणजे नाक कापले, अशी भाषा आपण रोज ऐकतो. त्या भाषेने भुलू नका. रुपया उतरला अशी बातमी आली की विचारा : या वर्षी मजुरी वाढली का, आणि डाळ-तांदूळ किती वाढले? रुपया स्थिर आहे अशी बातमी आली तरी हेच विचारा. मिठाच्या करापासून मोडलेल्या दागिन्यांपर्यंत ज्यांनी किंमत मोजली, त्यांना हा प्रश्न विचारता येत नव्हता. त्यांच्यापर्यंत अक्षर पोहोचू दिले गेले नव्हते. आपल्यापर्यंत ते पोहोचले आहे. त्या गृहस्थांची मुलगी आता परीक्षा उत्तीर्ण होऊन परत आली आहे, आणि तिने अर्थशास्त्र हाच विषय घेतला होता, हे सांगावयास मला आनंद होतो. रुपयाचा प्रश्न विचारणारे आणखी एक माणूस आपल्या वस्तीत तयार झाले.

घरी गेल्यावर बाबासाहेबांचा तो ग्रंथ मिळवा. कठीण वाटला तर चौघे मिळून वाचा. महिन्याला एक प्रकरण वाचले तरी पुरे. अडेल तेथे मला बोलवा. मला जेवढे उमगले आहे तेवढे मी सांगेन, आणि उरलेले आपण मिळून शोधू.

जय भीम. नमो बुद्धाय.